कलम अकरा

भूपाल मगदुमांनी करार माझ्या टेबलावर ठेवला
आणि वर अडकित्ता, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून.
सांगलीच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या शेजारी,
पानाला साठ रुपयांनी मी इंग्रजीचं मराठी करते.
वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, एकदा एका घोड्याचा विमा.
अग्निबाण पहिल्यांदाच आला.

सगळा नव्हे. त्यातलं एक रबरी कडं,
बांगडीएवढं, इंधनाच्या झडपेत बसणारं.
ते करायची कृती सरकारी प्रयोगशाळेनं
कुपवाडच्या एमआयडीसीत मगदुमांना दिली आहे,
पाच वर्षांसाठी, अहस्तांतरणीय, अनन्य नव्हे.
"अनन्य नव्हे म्हंजे?"
म्हटलं, उद्या हीच कृती जयसिंगपूरच्या कुणालाही मिळेल.
मगदुमांनी अडकित्ता उचलला, परत ठेवला.
रॉयल्टीला मी स्वामित्वधन लिहिलं.
त्यांना वाटलं एखाद्या मठाची वर्गणी.

कडं आता हळद शिजवायच्या टाकीला लागतं.
वाफ गळत नाही, लाकूड निम्मं लागतं,
एवढं पुरे. मी पान उलटलं.

कलम अकरा:
परवानाधारकानं केलेली कोणतीही सुधारणा
देणाऱ्याच्या मालकीची राहील.

मगदुमांबरोबर सिकंदर नदाफ आला होता,
साच्यावरचा माणूस, बसायला सांगूनही उभा.
कृतीत लिहिलं होतं, साचा चोवीस अंशांवर निववा.
चैत्रात कुपवाडला चोवीस अंश
कुठल्या दुकानात मिळतात?
पहिली दोनशे कडी तडकली, टिचक्या वाजाव्यात तशी.
मग त्यानं साच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं,
दाराच्या उंबऱ्यात ठेवलं, आणि रात्रभर
दर तासाला उठून पाणी शिंपडलं.
सकाळी एकही तडा नाही.

"मग त्ये गोणपाटबी त्यांचंच का?"
कलमानुसार, म्हटलं, गोणपाट तुमचं. गुंडाळणं त्यांचं.
"आन् जागरान?"
मी कलम पुन्हा वाचलं. जागरणाचा उल्लेख नव्हता.

सुधारणा हा शब्द खोडून मी युक्ती लिहिला.
युक्ती कायद्यात बसेना. परत सुधारणा.

प्रयोगशाळेतून बाई आल्या होत्या शिकवायला, तीन दिवस.
नाव अंबिली. त्यांच्याकडं चंद्राला म्हणतात.
नदाफच सांगत होता:
उलट्या क्रेटवर बसून त्यांनी गोणपाट हातात घेतलं,
पिळलं, वास घेतला, आणि एकट्याच हसल्या.
या कड्यापायी त्यांची नऊ वर्षं गेली.
तिसऱ्या वर्षी मुलगी झाली, सहाव्या वर्षी कडं टिकलं.
पेटंटवर शोधक म्हणून त्यांचं नाव आहे,
मालकाच्या रकान्यात सरकारचं खातं.
"म्हंजे त्यांचंबी गोणपाटच झालं की," नदाफ म्हणाला.
वहीत त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं,
स्पेलिंग दोनदा विचारून.
पुढं त्या वहीचं काय होतं
ते कुठल्याच कलमात नाही.

मगदूम इतका वेळ गप्प. मग म्हणाले,
सरकारी पैसा म्हंजे आपलाच ना?
बिस्किटावर भरलेला, डिझेलवर भरलेला.
"मग शंभरातलं तीन
आपल्यालाच देतोय म्हना की मालक," नदाफ म्हणाला,
"जरा लांबनं."

अकरा पानं, सहाशे साठ रुपये.
शेवटी मी लिहिलं, हे भाषांतर मुळाशी जुळते,
सही केली, शिक्का मारला.
अहस्तांतरणीय हा शब्द एवढा सरळ
मी आजवर कधीच लिहिला नव्हता.
तो आता कुणाचा, हे मला कुणी विचारलं नाही.
मीही काढलं नाही.

मगदूम अडकित्ता घेऊन गेले.
दुसऱ्या दिवशी नदाफनं एक कडं आणून दिलं,
पहिल्या दोनशेतलं, तडकलेलं.
माझ्या कुकरला ते बसत नाही.
कागदांवर ठेवते.
पंखा चारवर असला
तरच पानं हलतात.